प्रिंटबाईंची रजा

प्रिंटबाई कुणालाही नवी प्रत आधी देत नसत. आधी जुनी आणा, मग नवी. समोर कारखान्याचे मोठे साहेब असोत की लेथवरचा कामगार, नियम एकच. जुनी प्रत हातात पडली की त्या तिच्यावरचा नंबर मोठ्यानं वाचत, आपल्या वहीशी ताडून पाहत आणि मग आणणाऱ्यादेखत तिचे चार तुकडे करून पायाजवळच्या डब्यात टाकत. तो फाडल्याचा आवाज झाल्याशिवाय नव्या प्रतीवर त्यांचा लाल शिक्का पडत नसे. “हरवली हो बाई,” असं कुणी म्हणालं, तर त्या मान वर न करता म्हणत, “मग सापडेपर्यंत काम थांबवा.”

मी चौऱ्याण्णव साली सातपूरच्या त्या कारखान्यात डिझाइन खात्यात लागले. वाफेच्या लाइनवर बसणारे व्हॉल्व्ह आम्ही बनवत असू. एका व्हॉल्व्हचे वीस-पंचवीस सुटे भाग, प्रत्येक भागाचं एक ड्रॉइंग, आणि व्हॉल्व्हचे प्रकार शेकड्यांनी. या सगळ्या ड्रॉइंगची मूळ ट्रेसिंग्ज प्रिंटरूममधल्या लोखंडी कपाटांच्या सपाट खणांत झोपलेली असत. ट्रेसिंगवरून प्रती काढायचं यंत्र अमोनियावर चाले. कॉरिडॉरच्या टोकाला डोळे झोंबायला लागले की प्रिंटरूम आली असं समजायचं. त्या उग्र वासात बाई वीस वर्षं बसत होत्या. घरची मखमलाबादला फुलशेती, त्यामुळे अंबाड्यात रोज गुलाबाचं टपोरं फूल असे. दुपारपर्यंत अमोनियानं ते मलूल होई, पण दुसऱ्या दिवशी नवं असेच.

त्यांचं खरं नाव मंदाकिनी होतं, हे मला पुष्कळ दिवसांनी हजेरीच्या कार्डावर दिसलं. तोंडावर सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत आणि माघारी ‘प्रिंटबाई’. माघारी आणखीही काही म्हणत, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. लोकांचा वेळ खाणारी बाई अशी त्यांची ख्याती होती.

पहिल्या दिवशी मी खिडकीशी जाऊन म्हणाले, “तीनशे बाराची एक प्रत द्या.”

“अक्षर?”

“अं?”

“तीनशे बारा नंबर झाला. अक्षर कोणतं?”

मग त्यांनी मला शेजारच्या स्टुलावर बसवून समजावून सांगितलं. ड्रॉइंगमध्ये काहीही बदल झाला, अर्ध्या मिलिमीटरचा का होईना, की त्याचं अक्षर पुढं सरकतं. ए चा बी, बी चा सी. नंबर बरोबर आणि अक्षर चुकीचं असेल, तर तो भाग दिसायला अगदी बरोबर दिसतो आणि बसवायला गेलं की बसत नाही. “नंबर चुकला तर लगेच कळतं गं,” बाई म्हणाल्या. “अक्षर चुकलेलं फार उशिरा कळतं.” कॉलेजात तीन वर्षं शिकून मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते त्या खिडकीशी दहा मिनिटांत कळलं.

बाई मूळच्या ट्रेसर. आयटीआयमधून शिकून आलेल्या. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं, आणि काहीही डोक्यात ठेवायचं नाही, लगेच लिहायचं, अशी त्यांची शिस्त. तरी गंमत अशी की सगळं त्यांच्या डोक्यातही असे. कोणतं ट्रेसिंग कोणत्या खणात, कोणतं दुरुस्तीला वर गेलंय, कोणत्या सप्लायरकडे कोणती प्रत आहे, हे वही उघडायच्या आत त्या सांगत. त्यामुळे वहीत बघायचे कष्ट दुसरं कुणी घेतच नसे. बाई आहेत ना!

रजा त्यामुळे त्यांच्या वाट्याला फारशी येत नसे. दोन दिवस गेल्या तरी तिसऱ्या दिवशी निरोप जाई. एकदा डबा खाताना त्यांनी मला सांगितलं. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाईंनी पंधरा दिवसांची रजा महिनाभर आधी मंजूर करून घेतली होती. तिसऱ्याच दिवशी सकाळी कंपनीची जीप दारात उभी. एक जुनं ट्रेसिंग मिळत नव्हतं आणि गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. “तासाभरात सोडतो म्हणाले. ट्रेसिंग मिळालं, मग दुसरं मिळेना, मग तिसरं. लेक बाळंत झाली तेव्हा मी एकशे चाळीस नंबर शोधत होते.”

“मग?”

“मग काय, सगळं नीट झालं. नातू झाला. पण ती पोर कळा देताना ‘आई कुठंय’ विचारत होती म्हणे.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “ती काही बोलली नाही मला. बोलली असती तर बरं वाटलं असतं.”

मग कॉम्प्युटर आले. दोन-तीन वर्षांत आम्ही सगळे पडद्यावर ड्रॉइंग काढू लागलो आणि कारखान्यात सर्व्हर नावाचं एक कपाट आलं. त्यातल्या एका फोल्डरमध्ये सगळ्यांनी आपापली ड्रॉइंग्ज ठेवायची आणि ज्याला हवं त्यानं घ्यायचं. बाईंची खिडकी ओस पडली. सगळ्यांना मोकळं मोकळं वाटलं, मलासुद्धा. वर्षभरात त्या फोल्डरमध्ये ‘स्पिंडल फायनल’, ‘स्पिंडल फायनल नवीन’ आणि ‘स्पिंडल फायनल हेच घेणे’ अशा तीन फायली शेजारी शेजारी नांदू लागल्या. बाईंनी एकदा माझ्या खांद्यावरून ती यादी वाचली. “फायनल माणूस होतो, तोही गेल्यावर,” त्या म्हणाल्या. “ड्रॉइंग कधी होत नाही.”

आणि मग ती स्पिंडलची भानगड झाली. खरं तर ती मीच केली.

एका स्पिंडलचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या दांड्याचे, आटे गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून लांबवायचे होते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं सकाळी ते केलं, अक्षर सी चं डी केलं आणि फाइल ठेवून दिली. पण त्याच्या आधीपासून तीच फाइल माझ्या मशीनवर उघडी होती, कारण मला खालच्या टिपेतलं एक स्पेलिंग सुधारायचं होतं. मी जेवून आले, स्पेलिंग सुधारलं आणि सेव्ह केलं. त्याचे आटे, त्याचं डी, सगळं माझ्या जुन्या प्रतीखाली गाडलं गेलं. कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. पुढच्या आठवड्यात शॉपमध्ये, म्हणजे खालच्या मशीनच्या शेडमध्ये, त्या ड्रॉइंगवरून स्पिंडलचा अख्खा लॉट कापला गेला आणि सगळा आखूड निघाला.

नोटीस मिळाली फोरमन खैरनारमामांना. बदलांच्या यादीत डी लिहिलेलं असताना त्यांनी सी वर काम केलं, म्हणून. मामा बागलाणकडचे, रागावले की घरच्या बोलीवर यायचे. “हाई काय शे?” ते नोटीस नाचवत म्हणाले. “मी कॉम्प्युटरातूनच काढेल हाय ना कागद!” कुणी ऐकलं नाही. मामांकडे जुनी प्रत पडलेली असणार, असंच सगळ्यांनी धरलं. माझा सहकारी ‘मीच सेव्ह करायला विसरलो असेन’ म्हणत राहिला. आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळी, बसमध्ये उभी असताना, अचानक लख्ख आठवलं की काय झालंय. त्या दिवशी मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड झालं, आणि आठवड्यानंतर अशक्य.

त्याच सुमारास एका दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. त्यांनी दोन प्रती शेजारी शेजारी पसरल्या. एक त्यांच्या खणातली जुनी सी आणि दुसरी मामांनी वापरलेली. आटे दोन्हींवर सारखेच आखूड. टिपेतलं स्पेलिंग मात्र मामांच्या प्रतीवर सुधारलेलं.

“हे कधी सुधारलं गं?” त्यांनी विचारलं.

“त्याच दिवशी,” मी म्हणाले.

बाईंनी मान हलवली, प्रती गुंडाळल्या आणि निघून गेल्या. मी वाट बघत राहिले, आज सांगतील, उद्या सांगतील. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मलाही पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही.

त्या लॉटनंतर मोठ्या साहेबांनी ठरवलं की ड्रॉइंग सांभाळणारं एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं. तीन कंपन्यांना बोलावलं. निवड करायला समिती नेमली. तीत कॉम्प्युटर खात्याचे देवधर साहेब, खरेदीचे एक जण, डिझाइनकडून मी आणि, ‘जुन्या रेकॉर्डची माहिती आहे म्हणून’, प्रिंटबाई. समितीच्या कागदांत देवधर साहेबांची एक टीप होती. सॉफ्टवेअर बसल्यावर प्रिंटरूम बंद करता येईल आणि एक जागा कमी होईल. ती वाचून मला बाईंकडे बघवेना. आता माझ्याकडे लपवायच्या दोन गोष्टी झाल्या.

बाईंनी मात्र कंबर कसली. सगळ्या कंपन्यांना एकच परीक्षा द्यायची असं त्या म्हणाल्या. नाहीतर जो तो आपल्याला येतं तेवढंच दाखवून जाईल. त्यांनी एका कागदावर आपल्या छापील अक्षरात सहा प्रश्न लिहिले. एकच ड्रॉइंग दोघांनी एकदम उघडलं तर काय होतं? मागचं अक्षर परत बघायचं असेल तर? कुणी चुकून पुसलं तर, आणि मुद्दाम पुसलं तर? बाहेरच्या सप्लायरला फक्त त्याचंच ड्रॉइंग कसं दिसेल? शॉपमधल्या माणसाला किती वेळात कागद मिळेल? आणि सहावा, तुमची कंपनी उद्या बंद पडली तर आमची ड्रॉइंग्ज आमच्या हातात कशी येतील?

“सहावा काढा बाई, बरं दिसत नाही,” देवधर साहेब म्हणाले.

“लग्न जमवताना बरं दिसत नाही म्हणून विचारलं नाही की पुढं रडायची वेळ येते, साहेब,” बाई म्हणाल्या आणि सहावा तसाच राहिला.

पहिले आले मुंबईचे. टाय, लॅपटॉप, भिंतीवर पडणारी रंगीत चित्रं. त्यांचं सॉफ्टवेअर खरोखर भक्कम होतं. कोणतंही ड्रॉइंग पाच जणांच्या सहीशिवाय हलत नसे आणि कुणी काय केलं याची नोंद कायमची राही. मला वाटलं, झालं, हेच घेणार. पाचव्या प्रश्नाला बाईंनी खैरनारमामांना शॉपमधून बोलावलं. मामा फडक्याला हात पुसत आले. टायवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं. नाव टाका, पासवर्ड टाका, विभाग निवडा, प्रकल्प निवडा, कारण निवडा. चौथ्या पडद्यावर मामा उठले. “एवढ्यात मी दोन स्पिंडल कापून काढतो, साहेब. असं आसंल तर पोरं जुनाच कागद दडवून ठेवतील. मी सांगून ठेवतो.”

सहाव्या प्रश्नाला टायवाले हसले. “मॅडम, ती वेळच येणार नाही.” बाईंनी आपल्या तक्त्यात लिहिलं, ‘उत्तर दिलं नाही.’

दुसरे होते ते फाइल शेअरिंगवाले. ते सगळ्यांना फार आवडले, देवधर साहेबांना तर विशेष. शिकायला काहीच नको. आपल्या फोल्डरसारखाच फोल्डर. फाइल ओढून टाकली की कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातही दिसते. मामांनी अर्ध्या मिनिटात कागद काढला आणि “हे चांगलं हाय” म्हणून पावतीही दिली. मग बाईंनी पहिला प्रश्न काढला. एका मशीनवर देवधर साहेबांना बसवलं, दुसऱ्यावर मला, आणि दोघांना एकच ड्रॉइंग उघडायला लावलं. मी एक माप बदलून सेव्ह केलं. मग साहेबांनी दुसरं माप बदलून सेव्ह केलं. बाईंनी ड्रॉइंग पुन्हा उघडायला सांगितलं. माझं माप नव्हतं.

“वैशालीनं केलेलं कुठं गेलं?” बाईंनी विचारलं.

“मॅडम, दोघांनी आपसात बोलून घ्यायचं ना,” तो माणूस म्हणाला.

“आपसात बोलत असतो तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?”

सगळे हसले. मी हसू शकले नाही. पडद्यावर जे झालं होतं ते मी याआधी पाहिलं होतं.

तिसरे पुण्याहून आले, दोघंच. भागीदार होते. त्यांचा पडदा करड्या रंगाचा आणि दिसायला अगदी कळाहीन. पण मी एक ड्रॉइंग उचललं की देवधर साहेबांच्या पडद्यावर त्यापुढं कुलूप दिसे आणि कुलपाशेजारी माझं नाव. साहेबांना बघता येई, बदलता येत नसे. मागची सगळी अक्षरं खाली रांगेनं उभी असत. शॉपमधून मात्र फक्त शेवटचं, मंजूर झालेलं दिसे. मामांना नंबर टाकून कागद काढायला मिनिटभर लागलं. चौथ्या प्रश्नाला, सप्लायरच्या, त्यातला उंच भागीदार म्हणाला, “हे आमच्याकडे नाही. करायचं म्हटलं तर सहा महिने लागतील. जास्तही लागतील.” सहाव्याला त्यानं तिथल्या तिथे सगळी ड्रॉइंग्ज साध्या फोल्डरमध्ये बाहेर काढून दाखवली, सोबत यादी.

बाईंचा तक्ता मी नंतर पाहिला. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नाही. पण खरं सांगितलं.’

शेवटची बैठक मोठ्या साहेबांपुढं झाली. साहेबांचा कल मुंबईकडे होता, नाव मोठं म्हणून. बाईंनी मामांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. कागद दडवले गेले की पाच सह्यांचा उपयोग काय? ते साहेबांना पटलं. मग देवधर साहेबांनी फाइल शेअरिंगची बाजू लावून धरली. सोपं आहे, लोक आजच वापरू लागतील. “दोघांनी एकाच फाइलवर एकाच वेळी सेव्ह करणं हे नुसतं परीक्षेपुरतं, साहेब. प्रत्यक्षात कधी होतं का?”

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्याजवळ त्या दोन प्रती होत्या, हे मला माहीत होतं. त्यांनी त्या बाहेर काढल्या असत्या तर वाद तिथंच संपला असता. पण त्या समोरच्या टेबलाकडे बघत गप्प राहिल्या. माझ्याकडेही त्यांनी पाहिलं नाही.

“झालंय,” मी म्हणाले. “स्पिंडलचा लॉट त्यानंच गेला. मी सेव्ह केलं होतं, जुन्यावर. मामांची चूक नव्हती.”

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. साहेबांनी विचारलं, आधी का सांगितलं नाहीस? मी म्हणाले, भीती वाटली. ते रागावले, पण मला वाटलं होतं तितके नाही. देवधर साहेबांनी आपला कागद हळूच उलटा ठेवला. मला एवढंच आठवतं की बोलून झाल्यावर खोलीत एकदम हवा आल्यासारखं झालं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच मी पोटभर श्वास घेतला होता. मामांची नोटीस त्याच आठवड्यात मागे घेतली. मी शॉपमध्ये जाऊन त्यांची माफी मागितली, तर ते म्हणाले, “तू सांगलं तरी. लोक नाय सांगत.” आणि पुन्हा मशीनकडे वळले.

पुण्याचं सॉफ्टवेअर आलं. चार महिने बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत जुन्या वह्या समोर घेऊन बसल्या. प्रत्येक ड्रॉइंगचं प्रत्येक अक्षर, कधी बदललं, का बदललं, कुणाच्या सहीनं, सगळं त्यात भरलं. टायपिंग त्यांना येत नव्हतं, दोन बोटांनी करत. मी म्हणे, “बाई, एवढी घाई कशाला? होईल सावकाश.” तर त्या कॅलेंडरकडे बघत म्हणत, “सावकाश नाही चालणार.”

का चालणार नव्हतं ते चौथ्या महिन्याच्या अखेरीस कळलं. भरणं संपलं त्या दिवशी त्यांनी साहेबांपुढं रजेचा अर्ज ठेवला. सव्वा महिना.

“बाई, आत्ता? आत्ता तर ट्रायल सुरू होतेय.”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “मी इथं असताना ट्रायल कशी होईल? सगळे मलाच विचारतील.” आणि मग म्हणाल्या, “लेकीचं दुसरं बाळंतपण आहे. तिच्या सासरी, कळवणच्या पुढं. मी तिला शब्द दिलाय.”

समितीत बसल्या दिवसापासून त्या ही तारीख मनात धरून बसल्या होत्या. त्या सहा प्रश्नांच्या खाली, कागदावर न लिहिलेला, एक सातवा प्रश्न होता. मी नसले तर चालेल का?

जाताना मी फोन नंबर मागितला. “नाही देणार,” त्या म्हणाल्या. “दिला तर तू करशील.”

अकरा दिवस बरे गेले. बाराव्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडून दोन तपासनीस आले. सात-आठ वर्षांपूर्वी पुरवलेल्या एका व्हॉल्व्हचं सील गळत होतं. तेव्हाचं ड्रॉइंग दाखवा, नंतर काय बदललं आणि कुणी मंजूर केलं ते दाखवा. माझा हात आपोआप फोनकडे गेला. नंबर नव्हता. देवधर साहेब माझ्या मागे उभे, तपासनीस समोर. मी नंबर टाकला. खाली रांग उलगडली, ए पासून एफ पर्यंत. तेव्हाचं सी होतं. सी च्या पुढं बाईंनी दोन बोटांनी भरलेली ओळ होती, की सीलची खोबण कुणाच्या पत्रावरून, कुणाच्या सहीनं बदलली. ते पत्र त्याच गिऱ्हाइकाचं होतं. तपासनिसांनी एकमेकांकडे पाहिलं, एक प्रिंट मागितली आणि चहा घेतला. सगळं मिळून पाऊण तासात आटपलं. ते गेल्यावर देवधर साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसले आणि आम्ही दोघं उगाचच हसत सुटलो.

बाई परत आल्या त्या उन्हानं रापलेल्या आणि बर्फीचा पुडा घेऊन. नात झाली होती. “सगळा वेळ तिथंच होते,” त्यांनी मला आपण होऊन सांगितलं. “हात धरून होते तिचा. लय जोरात धरला होता गं, अजून मनगट दुखतंय.” आणि ते मनगट त्यांनी मला दाखवलं, एखादा दागिना दाखवावा तसं.

मग त्यांनी एवढंच विचारलं, “फोन करावासा वाटला?”

“एकदा.”

“मग?”

“नंबर नव्हता ना.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि मला आणखी एक बर्फी दिली.

तेव्हा मला राहवलं नाही. देवधर साहेबांच्या त्या टिपेबद्दल मी सांगून टाकलं. एक जागा कमी होणार, हे मला सुरुवातीपासून माहीत होतं, मी बोलले नाही, माफ करा. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अगं, तोच कागद मलाही दिला होता ना त्यांनी. एक जागा म्हणजे कोण, एवढं मला वाचता येत नाही होय?”

“मग तुम्ही इतकं जीव तोडून का केलंत?”

“कारण ती जागा मला नकोच झाली होती,” त्या म्हणाल्या. “मी रात्री झोपेत अक्षरं बडबडते म्हणून घरचे सांगतात. मी नसले की बंद पडेल, असं काही वीस-पंचवीस वर्षं डोक्यावर घेऊन बसायचं का माणसानं? मला फक्त भरवशाचं कुणीतरी हवं होतं, ज्याच्याकडे हे सोपवून उठता येईल. फोल्डरकडे नसतं सोपवलं मी. त्यापेक्षा मरेपर्यंत प्रती फाडत बसले असते.”

कंपनीनं त्यांना स्टोअरमध्ये जागा देऊ केली होती. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. अमोनियाचं यंत्र भंगारात गेलं, प्रिंटरूमला नवा रंग दिला, आणि तरी वर्षभर भिंतींना तो वास होता.

आज मी दुसऱ्या कारखान्यात आहे. अशी सॉफ्टवेअर निवडायच्या समित्यांवर आतापर्यंत चारदा बसले. पडदे फार देखणे झालेत, बोलणारी माणसं त्याहून देखणी. मी बाईंचे सहा प्रश्न विचारते, आणि सातवा मनात ठेवते. ‘हे आमच्याकडे नाही’ असं सांगणारा माणूस भेटला की त्याच्यापुढं खूण करते. आणि चूक झाली की ती त्याच दिवशी सांगते. ते मात्र बाईंनी मला कधी शब्दानं शिकवलं नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, खैरनारमामांनी नारळ दिला. सगळे पांगल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. बसला दहा मिनिटं होती.

“माझं नाव काढून टाक त्यातनं,” त्या म्हणाल्या.

“उद्या काढते बाई. घाई काय आहे?”

“नाही, आत्ता. माझ्यासमोर. गेलेल्या माणसाचा पासवर्ड चालू ठेवायचा नसतो.”

मी त्यांचं नाव काढलं. त्यांनी मला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसल्या, साडीचा पदर खोचला आणि दोन बोटांनी आपलं नाव टाकलं, मग पासवर्ड. यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि सांगितलं की असं कुणी इथं नाही. त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, एकेक अक्षर बघत टाकलं. पुन्हा तेच.

“ओळखत नाही म्हणतंय,” बाई म्हणाल्या आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की कॉरिडॉरमधून जाणारे दोघं थबकले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग पर्स उचलून त्या बसकडे निघाल्या, आणि खाली फाटकापर्यंत एकदाही त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.